दहावी मराठीतून, अकरावी सायन्सला: पेशीपटल आणि जैवरेणू समजून घेण्याची वाट

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात दहावीपर्यंत मराठीतून शिकले. विज्ञानात मार्क चांगले होते, म्हणून अकरावीला सायन्स घेतलं. पहिल्या चाचणीत पेशी आणि जैवरेणू (म्हणजे कर्बोदकं, प्रथिनं, मेद यांसारखे सजीवांच्या शरीरातले रेणू) या दोन धड्यांवर मला 25 पैकी 6 मार्क पडले. इंग्रजी कठीण गेलं असं घरच्यांना वाटलं, मलाही तसंच वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत आठवीचं पुस्तक पुन्हा उघडलं तेव्हा कळलं की मला मराठीतलं परासरणही नीट समजलेलं नव्हतं. व्याख्या पाठ होती, तेवढंच. पुढे याच विषयात पदवी घेतली, आता दर वर्षी गावातल्या अकरावीच्या मुलामुलींना शिकवते, आणि त्यांच्या वह्यांत माझ्याच त्या वेळच्या चुका दिसतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. रोज तासभर दिलात तर पंधरा दिवसांत होईल.

आधी काय गोळा कराल

- आठवी आणि नववीची मराठी माध्यमाची विज्ञानाची पुस्तकं. घरी नसतील तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात.
- अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक आणि एक कोरी वही.
- दोन बटाटे, एक बीट, एक लाल कांदा, एक हिरवं कच्चं केळं, एक पूर्ण पिकलेलं केळं.
- मीठ, साखर, चार काचेचे ग्लास, फूटपट्टी, चहाची गाळणी, भांडी घासायचं लिक्विड.
- मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणि सर्जिकल स्पिरिट. टिंक्चर मिळालं नाही तर जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून वापरा.

आयोडीन किंवा स्पिरिट लागलेलं काहीही तोंडात घालायचं नाही, आणि घरात लहान भावंडं असतील तर बाटल्या वरच्या फळीवर ठेवायच्या.

1. शब्दांच्या जोड्या लावा, पण एकाच दिवसात

वहीचं पहिलं पान यासाठी. विसरण म्हणजे डिफ्यूजन. परासरण म्हणजे ऑस्मॉसिस. निवडक्षम पारपटल म्हणजे सिलेक्टिव्हली पर्मिएबल मेंब्रेन. रससंकोच म्हणजे प्लास्मोलायसिस. विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतल्या रासायनिक क्रिया जलद करणारा पदार्थ. कर्बोदकं, प्रथिनं, मेद म्हणजे अनुक्रमे कार्बोहायड्रेट, प्रोटीन, लिपिड.

समपरासारी, अवपरासारी आणि अतिपरासारी म्हणजे आयसोटॉनिक, हायपोटॉनिक आणि हायपरटॉनिक. आयसो म्हणजे सारखं, हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. काय कमी आणि काय जास्त? पाण्यात विरघळलेला पदार्थ. पाणी नव्हे. हे पानावर लाल पेनने लिहून ठेवा. शिवाय हे शब्द नेहमी तुलनेचे असतात. ‘हे द्रावण हायपरटॉनिक आहे’ हे वाक्य अर्धवट आहे, कशाच्या तुलनेत ते सांगितल्यावरच ते पूर्ण होतं.

शब्दांवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका. बाकीचे शब्द काम करता करता बसतील.

2. सुरुवात मेदापासून करा

पुस्तकात जैवरेणूंचा धडा बहुधा कर्बोदकांपासून सुरू होतो. माझा अनुभव असा की तो क्रम पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पडदा, समजायला उपयोगी पडत नाही. पटल मेदाचं बनलेलं असतं, म्हणून मेद आधी कळायला हवेत.

हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी खोबरेल तेलाची बाटली गोठते, उन्हात ठेवावी लागते. शेजारचं शेंगदाण्याचं तेल मात्र पातळच असतं. दोन्ही मेदच आहेत, मग फरक कशाचा? मेदाच्या रेणूला लांब शेपट्या असतात, त्यांना मेदाम्लं म्हणतात. खोबरेलातल्या शेपट्या बहुतेक सरळ असतात, त्या एकमेकींना चिकटून घट्ट रचल्या जातात. त्या संपृक्त. शेंगदाण्याच्या तेलातल्या बऱ्याच शेपट्या दुहेरी बंधाच्या जागी वाकलेल्या असतात. सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधली जाते, वाकड्या काड्यांची सैल राहते, तसंच हे. त्या असंपृक्त.

आता पटलाकडे या. पटलातल्या मेदाला फॉस्फोलिपिड म्हणतात. त्याचं डोकं फॉस्फेटचं असतं, त्याला पाणी आवडतं. दोन शेपट्या मेदाम्लाच्या असतात, त्या पाणी टाळतात. असे असंख्य रेणू पाण्यात आले की आपोआप दोन थर तयार होतात, डोकी बाहेर पाण्याकडे आणि शेपट्या आत एकमेकींकडे तोंड करून. कोणी रचावं लागत नाही. 1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या लाल पेशींमधले मेद काढून पाण्यावर एकपदरी पसरवले, तेव्हा त्यांनी व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरली. त्यावरून पटल दोनपदरी असल्याचं त्यांनी मांडलं. या दुहेरी थरात प्रथिनं तरंगत असतात, हे चित्र 1972 मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी दिलं, आणि तेच फ्लुइड मोझॅक मॉडेल म्हणून तुमच्या पुस्तकात आहे. या सगळ्या पडद्याची जाडी साधारण 7 ते 8 नॅनोमीटर. असे दहाएक हजार पडदे एकावर एक ठेवले तर तुमच्या एका केसाएवढी जाडी होईल.

फ्लुइड या शब्दावर मुलं अडतात, पण केळीवाल्या घरातल्या मुलाला तो लगेच कळायला हवा. जानेवारीत पारा खूप उतरला की बागेवर चरका येतो, पानं पिवळी पडतात, घडाची वाढ थांबते. केळ हे उष्ण प्रदेशातलं पीक. थंडीत त्याच्या पटलातले मेद घट्ट व्हायला लागतात, पटलाचा सैलपणा जातो, ते गळकं होतं आणि आतला व्यवहार बिघडतो. फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल काळी पडते, तेही यातूनच. पडदे फाटतात, आत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले विकर आणि त्यांची कच्ची सामग्री एकत्र येते आणि काळा रंग तयार होतो. म्हणून काढलेली केळी साधारण 13 अंशांच्या खाली साठवत नाहीत.

सापळा: कोलेस्टेरॉल म्हणजे आजार, एवढंच ऐकून आपण येतो. प्राण्यांच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असतंच आणि ते पटलाचा सैलपणा आटोक्यात ठेवतं. वस्तुनिष्ठ प्रश्नात हे विचारतात.

3. प्रत्येक पदार्थासाठी तीन प्रश्न

हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. धड्यात कोणत्याही प्रकारचं वहन आलं की वहीत तीन प्रश्न लिहा. कोण निघालंय? कुठून कुठे निघालंय, गर्दीतून मोकळ्या जागेकडे की उलट? आणि खर्च कोण करतंय?

गर्दीतून मोकळ्या जागेकडे जायला पेशीला खर्च नाही. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड हे छोटे रेणू मेदाच्या थरातून सरळ निघून जातात. हे साधं विसरण. ग्लुकोज मोठं आणि पाण्यात रमणारं, सोडियमवर विद्युतप्रभार, यांना मेदाचा थर जाऊ देत नाही, म्हणून प्रथिनांची दारं लागतात. दारातून पण उताराच्या दिशेनेच गेलं तर ते सुलभ विसरण, आणि त्यालाही खर्च नाही. मोकळ्या जागेतून गर्दीकडे, म्हणजे चढाच्या दिशेने ढकलायचं असेल तरच खर्च होतो. तो एटीपीमधून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतून येतो, आणि त्याला सक्रिय वहन म्हणतात.

सापळा: ‘प्रथिन लागलं म्हणजे सक्रिय वहन’ असं अर्धा वर्ग लिहितो. प्रथिन दोन्हींत आहे, फरक तिसऱ्या प्रश्नाचा आहे.

दुसरा सापळा उदाहरणाचा. फोडणीचा वास ओट्यावरून ओसरीत येतो हे विसरणाचं उदाहरण म्हणून सगळे देतात. त्यात मोठा वाटा हलणाऱ्या हवेचा असतो. शाईचा थेंब ग्लासातल्या स्थिर पाण्यात सोडा आणि ग्लास न हलवता बघत बसा. नुसतं विसरण किती सावकाश चालतं ते तेव्हा कळेल. पेशी इतकी लहान का असते याचं एक उत्तर त्या ग्लासात आहे. विसरण फक्त छोट्या अंतरावरच वेगाने काम करतं.

4. बटाटा, मीठ आणि पाण्याची दिशा

बटाट्याच्या 5 सेंटीमीटर लांबीच्या, बोटाएवढ्या जाड सहा पट्ट्या कापा. तीन साध्या पाण्यात, तीन दोन चमचे मीठ विरघळवलेल्या ग्लासभर पाण्यात. तीन तासांनी काढा, मोजा, वाकवून बघा. साध्या पाण्यातली पट्टी ताठ होते आणि वाकवली तर कट्कन मोडते. मिठातली मऊ पडते, दुमडते, लांबीलाही थोडी कमी भरते.

आता वाक्य लिहायचं. आणि इथेच चूक होते, कारण कोणी मीठ मोजतं आणि कोणी पाणी, आणि मग ‘कमीकडून जास्तीकडे’ की ‘जास्तीकडून कमीकडे’ यात गोंधळ. माझा नियम साधा आहे: परासरणात फक्त पाण्याच्या बाजूने विचार करा. जिथे मीठ-साखर कमी, तिथे मोकळं पाणी जास्त. पाणी जास्त पाण्याकडून कमी पाण्याकडे जातं, मध्ये निवडक्षम पारपटल असतं. परासरण हा शब्द पाण्यासाठी, म्हणजे द्रावकासाठी आहे. मीठ हललं तर त्याला परासरण म्हणू नका.

घरात हे तुम्ही शंभरदा पाहिलेलं आहे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवली की तासाभरात पातेल्याच्या तळाला पाणी साचतं. माझी माय म्हणायची, ‘पाणी सुटू दे, मग मसाला.’ तेच बहिःपरासरण. सुकलेल्या मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडलं की ती पुन्हा टवटवीत होते ते अंतःपरासरण. आणि शेतात: मी आठवीत असताना काकांनी केळीच्या नव्या रोपांच्या बुडाशी युरिया जरा जास्तच टाकला आणि त्याच दिवशी मोटार जळाली, दोन दिवस पाणी देता आलं नाही. रोपांच्या कडा करपल्या. खताने रोप जळालं असं आपण म्हणतो, पण खरं तर मातीतलं द्रावण मुळांच्या पेशींपेक्षा घट्ट झालं आणि मुळांना पाणी ओढता येईना, उलट गमवावं लागलं. ठिबकमधून खत थोडं थोडं, पाण्यासोबत देतात त्याचं एक कारण हेच.

सापळा: मनुका पाण्यात फुगते किंवा व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेलं अंडं फुगतं, हे प्रयोग छान आहेत, पण तिथला बाहेरचा पडदा हा एका पेशीचं पटल नाही. मनुकेला फळाची साल आहे, अंड्याला कवचाखालचा प्रथिनांचा पापुद्रा. तोंडी परीक्षेत ‘हे पेशीपटल आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही, पण त्यासारखं वागतं’ म्हणा. हरभरे भिजवण्याचंही तसंच. सुक्या दाण्यातली प्रथिनं आणि स्टार्च आधी स्वतःच पाणी शोषून फुगतात. ते उदाहरण परासरणाखाली लिहू नका.

कॉलेजच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक मिळाला की लाल कांद्याच्या पाकळीचा जांभळा पापुद्रा काढा, काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाका. जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत गोळा होताना दिसतो. हाच रससंकोच. भिंत जागेवर राहते, पटल आत सरकतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आकृती कधी चुकत नाही. रक्तातल्या लाल पेशीला भिंतच नसते, म्हणून साध्या पाण्यात ती फुटते, तर वनस्पतीची पेशी फुगून ताठ होते आणि तिथेच थांबते. दवाखान्यात सलाईनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं ते याच कारणाने. ते रक्ताशी समपरासारी असतं.

5. बीट: खरं पटल फाटताना पाहायचं असेल तर

बिटाचे सारख्या आकाराचे तुकडे करा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, कारण कापताना फुटलेल्या पेशींचा रंग आधी जायला हवा. मग एक तुकडा गार पाण्यात, एक चांगल्या गरम पाण्यात, एक स्पिरिटमध्ये. गार पाणी बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहतं. बाकी दोन लाल होतात.

बिटाचा रंग पेशीच्या आत रिक्तिकेत, म्हणजे पटलाच्या एका पिशवीत कोंडलेला असतो. जिवंत पटल त्याला बाहेर सोडत नाही. उष्णतेने पटलातली प्रथिनं मोडतात, स्पिरिटने मेद विरघळतात, आणि रंग बाहेर येतो. ‘पटल निवडक्षम आहे’ हे वाक्य मला ज्या दिवशी कळलं तो दिवस हाच होता. शिजवलेल्या भाजीत मीठ सहज मुरतं आणि कच्च्या फोडीत सावकाश, तेही यावरून सुचलं.

6. दारं आणि पंप

इथे पाठांतर कमी, चित्र जास्त. पाण्याचे रेणू मेदातून थोडेफार जातात, पण पेशीला लागतं तेवढ्या वेगाने जायला खास दारं आहेत: अ‍ॅक्वापोरिन. पीटर ॲग्रे यांनी ती 1992 च्या सुमारास ओळखली आणि 2003 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पंपात एकच नीट करा, सोडियम-पोटॅशियम पंप. एक एटीपी खर्चून 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. येन्स स्को यांनी 1957 मध्ये हे विकर शोधलं, नोबेल 1997 मध्ये मिळालं. तीन-दोनचा आकडा उलटा लिहिला जातो. त्यावर उपाय: पेशीबाहेरचं रक्त खारट असतं हे आठवा, म्हणजे सोडियम बाहेर आणि तोच जास्त. मोठे कण पटलाने गिळणं आणि पिशवीत भरून बाहेर टाकणं हेही वाचून ठेवा, एका आकृतीत संपतं.

7. ओआरएस: सगळा धडा एका ग्लासात

भुसावळच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि पावसाळ्यात गावोगाव जुलाबाची साथ येते. आशाताई ओआरएसचं पाकीट देतात. त्यात साखर का असते? ताकद येण्यासाठी, असं मी बारावीपर्यंत समजत होते.

तीन प्रश्न विचारा. आतड्याच्या पेशीत एक प्रथिन आहे, ते सोडियम आणि ग्लुकोज दोघांना एकत्रच आत घेतं. एकट्याला नाही. सोडियम उताराने आत येतो आणि ग्लुकोजला सोबत ओढतो. हा उतार कायम कोण ठेवतं? पेशीच्या दुसऱ्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप, एटीपी खर्चून. दोघे आत गेले की त्यांच्यामागे पाणी जातं, ते परासरणाने. सुलभ, सक्रिय, परासरण, तिन्ही एका जागी. पटकीसारख्या जुलाबातही हे जोडदार प्रथिन शाबूत राहतं, म्हणून औषध लागू पडतं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आजच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही 75 मिलिमोल, अगदी सारखे. हे योगायोगाने नाही, जोडीने जायचं असतं म्हणून.

हा सापळा परीक्षेपलीकडचा आहे. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवू नका, ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त गुण’ असं समजून बाळाला देऊ नका. द्रावण शरीरापेक्षा घट्ट झालं तर पाणी आतड्याकडेच ओढलं जातं आणि जुलाब वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. घरी आजीला, वहिनीला हे समजावून सांगा. तुम्हाला सांगता आलं तर धडा आलाच.

8. उरलेले जैवरेणू, केळ्याच्या साहाय्याने

कर्बोदकं: हिरव्या केळ्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाका, निळंकाळं होईल. पूर्ण पिकलेल्यावर टाका, रंग जेमतेम बदलेल. कच्च्या गरात 20 टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो, पिकताना विकर त्याची साखर करतात आणि 1–2 टक्केच उरतो. सावदा-रावेरहून उत्तरेला जाणारी केळी हिरवी का काढतात आणि तिकडे इथिलीन वायू देऊन का पिकवतात, ते घरी विचारा.

आपल्या कापसाचा धागा सुमारे 90 टक्के सेल्युलोज असतो. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचीच माळ, फक्त मणी ओवायची पद्धत वेगळी. भाकरी पचते आणि कापूस पचत नाही, कारण त्या दुसऱ्या गाठी सोडणारं विकर आपल्याकडे नाही.

प्रथिनं म्हणजे 20 प्रकारच्या अमिनो आम्लांच्या माळा. डाळ आणि दूध एवढंच प्रथिन मानू नका. वरची सगळी दारं, पंप आणि बहुतेक विकर प्रथिनंच आहेत. दुधात लिंबू पिळल्यावर फाटतं ते केसिन. बाययुरेट चाचणीत मोरचुदासोबत तीव्र अल्कली लागते, ती घरी करू नका, लॅबमध्येच करा.

न्यूक्लिइक आम्लासाठी, इथे डीएनएसाठी, शेवटचा प्रयोग. पिकलेल्या केळ्याचा अर्धा भाग कुस्करा, अर्धा कप पाण्यात चिमूटभर मीठ आणि एक चमचा भांड्यांचं लिक्विड घालून त्यात हलकेच मिसळा, फेस करू नका. दहा मिनिटांनी गाळा. गाळलेल्या पाण्यावर फ्रिजमध्ये गार केलेलं स्पिरिट ग्लासाच्या कडेने सावकाश सोडा, गॅसपासून लांब, कारण ते पेट घेतं. दोन थरांच्या मध्ये पांढरे, कापसाच्या पेळूसारखे धागे वर येतात. त्यात फळातलं थोडं चिकट पेक्टिन असतं, पण डीएनएही असतो. लिक्विडने काय केलं? ताटावरचं तेल काढतं तसंच पेशीचे आणि केंद्रकाचे मेदाचे पडदे विरघळवले. मिठाने डीएनएच्या ऋणप्रभारी फॉस्फेटला सावरलं, आणि तो स्पिरिटमध्ये विरघळत नाही म्हणून वर आला. धागा टूथपिकवर गुंडाळा आणि वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून, कोणत्या पायरीला कोणता जैवरेणू हलला ते तुमच्या शब्दांत लिहा, आधी मराठीत, मग इंग्रजीत.